एक पट्टी वर

चर्चचे पाळक दुकानात आले तेव्हा चिमूताई जमिनीवर बसून एका लांबलचक पडद्याला अस्तर टाचत होती आणि तिच्या तोंडात टाचण्या होत्या. ते काय विचारतायत हे पुरतं कळायच्या आधीच तिनं मान हलवली, आणि पाळकांनी तो होकार धरला.

"बरं झालं," स्टुलावर टेकत ते म्हणाले. "माझी प्रवचनं ऐकून लोक कंटाळलेत गं. क्षमा, क्षमा करत मी घसा कोरडा करतो आणि मागच्या बाकावरचे घड्याळ बघतात. म्हटलं, या वेळी साक्षच ठेवू. तू आणि तुझी वहिनी. दोघींनी पुढे उभं राहायचं आणि जे झालं ते आपल्या शब्दांत सांगायचं. तुमच्यासारखं उदाहरण आपल्या मंडळीत दुसरं नाही."

चिमूताईनं एकेक टाचणी काढून मनगटावरच्या गादीत खोचली. तिचं तोंड मोकळं होईपर्यंत पाळक उठले होते. "वहिनीशी मी बोलतो," असं म्हणत ते पायऱ्या उतरलेसुद्धा.

ती तशीच बसून राहिली. मांडीवर कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचा पडदा होता. पुढचा टाका कुठे घालायचा ते सुचेना.

चिमू हे तिचं लाडाचं नाव, बाबांनी ठेवलेलं. पन्नाशी उलटली तरी ते तिला चिकटून होतं. मंडळीनं त्याला फक्त 'ताई' जोडलं होतं. लग्न केलं नव्हतं. खाली पडदे शिवायचं दुकान, वर दोन खोल्या. आणि दर रविवारी चर्चमधला ऑर्गन. तो वारसा बाबांचा. बाबा चर्चमध्ये वाजवायचे तेव्हा लहानगी चिमू त्यांच्या शेजारी बसून पानं उलटायची. बाबांचे हात थकले तेव्हा तिनं बाबांना बाजूला सरकवलं आणि स्वतः वाजवायला लागली.

पाळक ज्याला उदाहरण म्हणत होते ते सगळ्या मंडळीनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

बाबा वर्षभर दादाकडे अंथरुणाला होते, मग छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात. चिमूताई रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ असायची. पण मध्येच एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांचं काम आलं, दुसऱ्या गावी जाऊन बसवायचं होतं. डॉक्टर म्हणाले, इतक्यात काही नाही, जाऊन या. ती गेली. दादा वीजकेंद्रात पाळीवर होता. बाबांजवळ वहिनी होती. संध्याकाळपासून बाबा उतरत गेले. त्यांनी चिमूला हाक मारली. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हे सगळं शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं नंतर चिमूताईला सांगितलं; पुढे त्याचा डोळा लागला होता. वहिनीनं फोन केला तो थेट पहाटे, सगळं संपल्यावर. चिमूताई पोचली तेव्हा बाबांच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

"मला वाटलं, अजून दोन दिवस काढतील," वहिनी रडत म्हणाली होती. "तुला कशाला एवढ्या लांबून धावायला लावायचं म्हणून नाही केला गं फोन. झोपेतच गेले."

चिमूताईनं त्यावर एक शब्द काढला नाही. नंतरही काढला नाही. वर्ष होत आलं. दादाच्या घराची पायरी चढणं सोडलं. चर्चमध्ये वहिनी एका दारानं यायची, ही दुसऱ्या. वहिनी गाणारी होती, साधीसुधी नव्हे; तिचा आवाज वर चढला की खिडकीपाशी बसलेले लोक बाहेर बघायचं थांबवायचे. प्रवचनानंतर ती एकटी एक गीत म्हणायची आणि ऑर्गनवर साथ चिमूताईची. त्या वर्षात दोघी एकमेकींकडे न बघता ते गीत पार पाडायच्या.

मग एका रविवारी पाळकांनी असं काही प्रवचन केलं की चिमूताईचा जीव भरून आला. ती ऑर्गनवरून उठली, मधल्या वाटेनं चालत गेली, वहिनीचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी तुला माफ केलं." वहिनी तिच्या खांद्यावर कोसळली. दादानं चष्मा काढला. मागच्या बाकावरचे घड्याळवालेसुद्धा डोळे पुसत होते.

ते खोटं नव्हतं. पुढे चिमूताईनं स्वतःला हे कितीदा तरी सांगितलं. त्या घडीला छातीवरचा दगड खरोखर उतरला होता. पण घरी येऊन चहा ठेवला, बाबांचा कप फडताळात दिसला आणि दगड आपल्या जागी परत येऊन बसला. आता तर पंचाईतच होती. माफ केलंय म्हणून जगजाहीर झालेलं. रागवायची सोय उरली नव्हती.

पुढच्या रविवारी वहिनी गायला उभी राहिली. चेहरा धुतल्यासारखा मोकळा. चिमूताईकडे बघून ती हसली. चिमूताईही हसली, आणि डाव्या हाताच्या करंगळीनं ऑर्गनच्या कोपऱ्यातलं एक छोटं बटण दाबलं.

मंडळीनं अलीकडेच विजेवरचा ऑर्गन घेतला होता. त्यात ती सोय होती. बटण दाबलं की बोटं त्याच जागी, गाणं तेच, पण सगळं एक पट्टी वर. वहिनीला सूर कळायचे, पट्टी कळायची नाही. ऑर्गन जिथून सुरू होईल तिथून ती निमूट सुरू करायची. शेवटच्या कडव्यात सर्वांत वरचा सूर आला आणि तिचा आवाज फाटला. फार नाही. कापड ताणल्यावर एखादा टाका उसवावा तेवढाच. वहिनीनं गळ्याला हात लावला, ओशाळं हसून गीत संपवलं.

चिमूताईला घरी जाताना बरं वाटलं. ते बरं वाटणं तिला सर्वांत जास्त छळायचं, नंतर.

पुन्हा करायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पुन्हा केलं. दर रविवारी नाही. पण बाबांची आठवण जास्त झाली की करंगळी आपोआप कोपऱ्याकडे जायची. वहिनी आल्याचा काढा प्यायला लागली. मग गळ्याला रुमाल बांधायला लागली. मग वरचा सूर आला की आधीच घाबरायला लागली, आणि घाबरलेला आवाज बटण न दाबताही फाटायला लागला. "वय झालं गं," ती म्हणायची. चिमूताई म्हणायची, "होतं असं." एके दिवशी वहिनीनं एकटीनं गाणं बंद केलं. थोड्या महिन्यांनी चर्चमधल्या गाणाऱ्यांचं क्वायरही सोडलं. त्या दिवसापासून चिमूताईनं त्या बटणाला बोट लावलं नाही. लावायचं कारणच उरलं नव्हतं. आणि मजा म्हणजे, वहिनी गप्प झाली तशी चिमूताईची तिच्यावरची अढी सुटत गेली. दादाकडे जाणं-येणं सुरू झालं, एकत्र जेवणं, दवाखाने, खरेद्या. वर्षं गेली. अढीच्या जागी आता दुसरंच काही होतं, आणि ते रविवारच्या प्रार्थनेत डोकं वर काढायचं. आम्ही दुसऱ्यांना माफ करून सोडलं तसं तू आम्हाला सोड, या अर्थाचे शब्द आले की चिमूताईचे ओठ मिटायचे. सगळे डोळे मिटून असल्यामुळे कुणाला दिसायचं नाही.

पाळक येऊन गेल्यावर दोन दिवसांनी ती दादाकडे गेली. साक्षीचं वहिनीच्या कानावर गेलंय का, एवढंच बघायचं होतं. दारातच रडं ऐकू आलं. भाची कामावर गेली होती आणि तिची तान्ही लेक आजीच्या खांद्यावर आकांत करत होती. वहिनी तिला घेऊन या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होती. थोपटत होती, हलवत होती, पण तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी तिनं दादाला खूण केली. दादानं फोन उशीपाशी ठेवला आणि त्यावर कुणा परक्या बाईच्या आवाजात अंगाई सुरू झाली.

"हे काय रे?" चिमूताईनं विचारलं.

"ही गात नाही," दादा हळूच म्हणाला. "लेकीच्या वेळी काय गायची! आता म्हणते, माझा आवाज ऐकून पोर दचकेल. मी म्हटलं, अगं तिला काय कळतंय? तर डोळ्यांत पाणी."

वहिनी फेरी मारत जवळ आली. "चिमू, तू म्हण ना काहीतरी. तुला सूर तरी आहे."

चिमूताईनं तोंड उघडलं. तिचा आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी. पोर क्षणभर गप्प झालं, बहुधा आश्चर्यानं, आणि दुप्पट जोरानं रडायला लागलं. दादा हसला, वहिनीही हसली. चिमूताई "दुकान उघडं टाकून आलेय" असं काहीतरी पुटपुटून बाहेर पडली आणि घरी न जाता सरळ पाळकांकडे गेली.

पाळक अंगणात खुर्चीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मध्ये त्यांनी काही विचारलं नाही. ब्रश तेवढा थांबला होता.

"मला साक्ष देता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "आणि मला... माझ्यासाठी प्रार्थना करा. माझी क्षमा होईल का, सांगा."

"देव क्षमा करतो, हे तुला मी नव्यानं काय सांगू?" पाळक म्हणाले. "करू प्रार्थना. पण चिमू, तू हे चुकीच्या माणसाला सांगितलंस."

"तुम्हाला नाही तर कुणाला सांगणार?"

पाळकांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "पुढे उभं राहून वगैरे नको. त्यात तिचीही फरफट होईल. तिच्या घरी जा, एकटी जा. आणि माफ कर म्हणून लगेच हात पसरू नकोस. आधी नुसतं सांग."

ती दुसऱ्या दिवशी गेली. दादा कामावर होता, भाची बाळाला पाजत आतल्या खोलीत होती. वहिनी पलंगावर वाळलेले कपडे काढून बसली होती: तळहाताएवढी झबली, टोपडी, मोज्यांचा ढीग.

"ये, जोड्या लाव," वहिनी म्हणाली. "या घरात प्रत्येक मोजा एकटा आहे."

चिमूताईनं एक मोजा हातात घेतला. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली होती.

"वहिनी, तुझा आवाज गेला नव्हता."

"काय?"

"तू गायचीस तेव्हा मी ऑर्गन वरच्या पट्टीत लावायचे. एक बटण आहे. तुझा गळा पोचणार नाही इतकं वर. म्हणून फाटायचा."

वहिनीचे हात थांबले. "म्हणजे चुकून लागलं होतं?"

"चुकून नाही."

"एकदा?"

"नाही."

"मग कधीपर्यंत?"

"तू थांबलीस तोपर्यंत."

आत बाळाचा ढेकर काढायला भाची पाठीवर थापटत होती, तो आवाज तेवढा येत होता. वहिनी झबल्याची घडी घालायला लागली. घातली. उलगडली. पुन्हा घातली.

"घशात नळी घालून तपासलं होतं मी," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "डॉक्टर म्हणाला काही नाहीये. मला वाटलं, मोठं काही असेल आणि हा लपवतोय. महिनाभर जेवण गेलं नाही मला. चिमू, तू आली होतीस माझ्याबरोबर. माझी पर्स धरून बाहेर बसली होतीस तू."

"हो."

"तेव्हाही बोलली नाहीस?"

हातातल्या मोज्याचा चिमूताईनं पार बोळा केला होता.

वहिनी उठली, पायात चपला घातल्या. "चल. दाखव मला."

दुपारचं चर्च रिकामं होतं. बाकांवर खिडक्यांचे उजेड पडले होते, फरशी नुकतीच पुसलेली. चिमूताईनं ऑर्गन सुरू केला. वहिनी मागे उभी राहिली, गायला उभी राहायची तिथे नाही, अगदी खांद्याशी.

"नीट पट्टीत वाजव. जिथे होतं तिथे."

चिमूताईनं तेच जुनं गीत सुरू केलं. पहिली ओळ वहिनीनं नुसती ओठांत म्हटली. दुसरी खरखरत आली, विहिरीतून वर ओढल्यासारखी. दम पुरेना, मध्येच थांबून ती खोकली, "पुन्हा" म्हणाली. मग आवाज हळूहळू सापडत गेला. पूर्वीचा नव्हता तो, कडांना झिजलेला होता, पण होता. शेवटच्या कडव्यातला तो वरचा सूर आला. वहिनी तिथे पोचली. डगमगली, पण पोचली.

"आता ते दाब."

"वहिनी, नको ना."

"दाब म्हणते ना मी."

चिमूताईनं दाबलं. पुन्हा तेच कडवं. त्याच जागी, त्याच शब्दावर वहिनीचा आवाज फाटला.

"इथेच," वहिनी म्हणाली. "दर वेळी इथेच. मी घरी गुडघे टेकून विचारायचे, प्रभू, माझं काय चुकलं, तू दिलेलं परत का घेतलंस? आणि उत्तर कोपऱ्यात होतं, एवढंसं."

चिमूताई उठायला गेली. वहिनीनं हातानंच थांबवलं. "माझ्या मागे येऊ नकोस. मला आत्ता तुझं तोंड बघवत नाहीये."

तिची पावलं पुसलेल्या फरशीवरून बाहेर गेली. चिमूताईनं ऑर्गन बंद केला. सांगून टाकलं की सुटल्यासारखं वाटेल, असं तिला कुठेतरी वाटत होतं. तसलं काही वाटलं नाही. आतापर्यंत अपराध एकटीचा होता, झाकून ठेवलेला. आता तो दुसऱ्या घरी जाऊन राहिला होता आणि तिथे काय करत असेल, ते तिला कळत नव्हतं.

तिनं वाजवणं सोडलं. पाळकांनी कारण विचारलं नाही, साक्षीचा विषयही काढला नाही. साक्षीसाठी ठरलेल्या रविवारी क्षमेवर ते स्वतःच बोलले आणि भरपूर बोलले. ऑर्गनवर निवृत्त पोस्टमास्तर बसायला लागले. त्यांची बोटं इतकी संथ चालायची की लोकांना दोन ओळींच्या मध्ये इकडच्या तिकडच्या गोष्टी आठवायच्या. चिमूताई आयुष्यात पहिल्यांदा बाकावर, लोकांत बसली. वहिनी तीन बाकं पुढे. तिची पाठ दिसायची, पदर, केसांची पिन. प्रार्थनेतले ते शब्द आले की चिमूताईचे ओठ अजूनही मिटायचे. पूर्वी 'आम्ही सोडलं' म्हणता यायचं नाही, कारण सोडलं नव्हतं, वसूल केलं होतं. आता 'आम्हाला सोड' म्हणवत नव्हतं.

दादाचा फोन आला. "तुमचं काय बिनसलंय? हिला विचारलं की भांडी आपटते. सांगत काही नाही."

म्हणजे वहिनीनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. नणंदेला उघडं पाडायची एवढी आयती संधी, आणि तिनं ती घेतली नव्हती. चिमूताईला ते शिव्यांपेक्षा जड गेलं. "माझी चूक आहे, दादा," एवढंच ती म्हणाली. "मोठी आहे. तिला वाटलं तर ती सांगेल."

बरेच आठवडे असे गेले. मग एका सकाळी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, वहिनी आली आणि पाळक बसले होते त्या स्टुलावर बसली. चिमूताई मशीनवर होती. तिनं पाय थांबवला.

"शिवत राहा," वहिनी म्हणाली. "तू माझ्याकडे बघत असलीस तर मला बोलता येणार नाही."

चिमूताईनं पडद्याची दुमड सुईखाली सरकवली आणि पाय चालवला.

"मी ठरवलं होतं की तुला कधीच माफ करायचं नाही. रोज ठरवत होते. पण रोज एकच गोष्ट आडवी येत होती." वहिनी थांबली. "मी फोन केला नाही, तो बाबा दोन दिवस काढतील म्हणून नाही. मला कळत होतं. नर्स म्हणाली होती, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या."

मशीनचा आवाज बंद झाला.

"वर्षभर मी त्यांचं केलं होतं, चिमू. धुणं, पुसणं, भरवणं. तू यायचीस संध्याकाळी, आणि त्यांचा चेहरा असा उजळायचा की मी त्या खोलीत आहे हे दोघंही विसरायचात. त्या रात्री ते चिमू, चिमू करत होते आणि फोन माझ्या हातात होता. मला वाटलं, एकदा तरी, एकदाच, तू नसावीस. मी असावी."

चिमूताई उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत विझला म्हणून ज्याच्याकडे पाठ केली होती तो राग पायापासून वर चढला. "चालती हो," ती म्हणाली. "वहिनी, जा इथून."

"नाही जाणार. उरलंय ते ऐक. मी तुला तेव्हा अर्धं सांगितलं आणि तू सगळ्यांसमोर अर्ध्याचीच माफी दिलीस. मी ती पूर्णाची म्हणून घेतली. ते झोपेत गेले नाहीत. शेवटी त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, चिमू आली का?"

"मग?"

"मी म्हटलं, हो, आली. आणि माझा हात त्यांच्या हातात दिला."

बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"काय म्हणाले?"

"हात गार आहे गं तुझा, म्हणाले. मग दोन्ही हातांत धरून चोळत बसले. गरम करायला. चोळता चोळताच थांबले." वहिनी आता रडत होती, तोंड न झाकता. "ते तुझं होतं. मी घेतलं. तुझ्या नावावर घेतलं."

चिमूताई खाली बसली, कापडाच्या तुकड्यांत. बाबा तिची वाट बघत गेले, हे शल्य तिनं इतकी वर्षं उराशी धरलं होतं. बाबा वाट बघत गेलेच नव्हते. त्यांच्या लेखी ती आली होती. कुणीतरी तिच्याकडून ते चोरलं होतं आणि त्याच कुणीतरी बाबांना ते दिलंही होतं, आणि त्या दोन गोष्टी वेगळ्या करायची कात्री तिच्या दुकानात नव्हती. ती मोठमोठ्यानं रडली. बाबांच्या वेळी रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात आलं.

वहिनी स्टुलावरून उतरून तिच्याजवळ येऊन बसली. तिला हात लावला नाही. नुसती बसली.

"मला आत्ता माफ करता येत नाहीये," रडणं ओसरल्यावर चिमूताई म्हणाली.

"मला तरी कुठे येतंय?"

"मग कसं करायचं?"

"मला माहीत नाही गं. सगळ्यांसमोर नको मात्र. त्या वेळचं आपल्याला पचलं नाही." वहिनीनं पदरानं नाक पुसलं. "रोज थोडं थोडं बघू. एखाद्या दिवशी नाही जमलं तर सांगायचं, आज नाही. खोटं हसायचं नाही."

तसंच केलं दोघींनी. ते काही दिसायला सुंदर नव्हतं. सकाळी दुकानाचं शटर वर ढकलण्याआधी चिमूताई थंड लोखंडावर हात ठेवून वहिनीचं नाव घ्यायची आणि म्हणायची, प्रभू, आजच्यापुरतं सोडते. कधी शब्द निघायचे, कधी नुसतं शटरच वर जायचं. कधी फोन लावला तर पलीकडून वहिनी म्हणायची, "आज नाही, चिमू," आणि ठेवून द्यायची. मग चिमूताईचा दिवस मान खाली घालून जायचा. एकदा वहिनी भरल्या घरात भाचीसमोर तिला टाकून बोलली. चिमूताईनं ऐकून घेतलं. पूर्वी तिनं ते जपून ठेवलं असतं. आता घरी पोचेपर्यंत तिनं वाटेतच ते पुन्हा पुन्हा खाली टाकलं, पुन्हा पुन्हा उचललं, आणि दाराशी आल्यावर एकदाचं टाकलं. दादाला शेवटी वहिनीनंच सगळं सांगितलं, स्वतःचंसुद्धा. दादा दोन दिवस दोघींशी बोलला नाही. मग म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही, माझेही ते बाप होते," आणि त्या दोघींना त्याचीही माफी मागावी लागली.

पोस्टमास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हा पाळक वहिनीकडे गेले. चिमूताईकडे नाही, वहिनीकडे. "ऑर्गनवर कुणाला बसवू?" त्यांनी विचारलं. वहिनीनं विचार करायला एक आठवडा घेतला आणि मग निरोप पाठवला: तिलाच बसवा, आणि मी क्वायरमध्ये येते.

ती मागच्या रांगेत, खालच्या आवाजाच्या बायकांत उभी राहायला लागली. वरचे सूर एका तरुण शिक्षिकेकडे गेले होते आणि वहिनीनं ते मागितले नाहीत. गळा फार वर्षं मिटून राहिला होता. तो उघडला, पण तेवढाच. ऑर्गनवर बसलेल्या चिमूताईला रांगेतल्या सगळ्या आवाजांतून तो एक आवाज वेगळा ऐकू यायचा, आणि तो पूर्वी कुठवर जायचा हे तिच्याइतकं कुणाला आठवत नव्हतं. दर रविवारी ते टोचायचं. टोचणी गेली नाही. तिनंही ती जावी म्हणून प्रार्थना केली नाही. प्रार्थनेतले ते शब्द मात्र आता ती म्हणायची, सगळे, सर्वांबरोबर, पुटपुटत का होईना.

एका रविवारी उपासना संपल्यावर मागच्या खोलीत चहा होता. गर्दीतून वाट काढत वहिनी दोन कप घेऊन आली आणि एक चिमूताईच्या हातात दिला. चिमूताईनं घोट घेतला. चहात साखरेचा कण नव्हता.

वहिनीनं तिचा चेहरा बघितला आणि तिच्या लक्षात आलं. "अगं, तुझ्यात घालायची राहिली," ती घाईघाईनं म्हणाली, आणि मग एकदम थांबून, "मुद्दाम नाही हं."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी वहिनीला हसू फुटलं, मग चिमूताईला, इतकं की कप हिंदकळून बशीत सांडला आणि शेजारची शिक्षिका वळून बघायला लागली.

"आण, घालून आणते," डोळे पुसत वहिनी म्हणाली.

"राहू दे," चिमूताई म्हणाली. बशीतला चहा तिनं कपात ओतला आणि तो तसाच पिऊन टाकला.